बाबांच्या भिंतीची ओल

बांधकामाच्या सामानाच्या दुकानात माझ्या पुढे एक नवरा-बायको उभे होते. दुकानदाराने काउंटरवर गाळणीच्या कापडाचे दोन तुकडे ठेवले होते, एक घट्ट विणलेला आणि एक मऊ.

"घराच्या पायाभोवतीच्या निचऱ्याच्या पाइपाला गुंडाळायला हे विणलेलंच द्या. फाटायचं नाही," नवरा म्हणाला.

"मागच्या वेळी हेच घेतलं होतंत," बायको त्याला म्हणाली.

"मजबूत होतं की."

"होतंच. मातीने त्याची छिद्रं बुजली, पाइपात थेंब उतरला नाही आणि सगळं पाणी माझ्या बाबांच्या भिंतीत चढलं."

"त्यांचा खोकला जुनाच होता."

"ओलीने वाढला, तर तुम्ही त्यांना नुसती खिडकी उघडी ठेवायला सांगितलंत."

"आता खणतोय ना सगळं?"

"बाबा होते तेव्हा म्हणालात, अंगण कोण उकरणार. आता खोली रिकामी पडलीय, तर एवढी घाई कशाची?"

"अगं, आई राहायला येतेय त्या खोलीत."

बाईंनी पिशवीतून बाटली काढली आणि दोन्ही तुकड्यांवर पाणी ओतलं. विणलेल्यावर तळं साचलं. मऊ कापडातून पाणी सरळ खाली गेलं.

"दादा, हे मऊ द्या. यांच्या आई यायच्यात."