आर्याजींचा पाव

बायनाबाई : मंग झोपजो ना. कोणं नाई म्हटलं? एवढं गाजर किसून दे अन् झोप.

नंदिनी : आई, मघाशी तुमी म्हटलं, एवढा मुळा किसून दे अन् झोप.

बायनाबाई : मुळा झाला ना. आता गाजर. दोन्ही सोबतच असते म्हणे त्या पावात. तूच तं दाखवलं मोबाइलवर.

नंदिनी : दाखवलं, तेच चुकलं माहं. रात्रभर वॉर्डात पाय टेकला नाई. एका बुढ्यानं सलाईन उपसून फेकली. एक बाई सकाळपर्यंत ओरडे, ‘माह्या बकऱ्या सोडा, माह्या बकऱ्या सोडा.’ आता डोळे मिटले का मले बकऱ्याच दिसतेत.

बायनाबाई : मिटू नोको डोळे. किसणीवर बोट जाईन.

नंदिनी : सून नर्स आहे, बोट गेलं तं पट्टी बांधून घेईन. सिरका कुठी ठेवला?

बायनाबाई : तो नाई भेटला. लिंबू पिळ.

नंदिनी : लिंबू, मीठ, साखर. चालते. दाबून ठेवा वाटी. घंटाभरात मुरते म्हणे.

बायनाबाई : घंटाभर कुठी आहे आपल्यापाशी? बाराच्या आत आर्याजीच्या हातात पडाले पायजे. बारा वाजले का भिक्खुणीचं जेवण संपलं, मंग उद्या सकाळपर्यंत नुसतं पाणी. अन् तिच्या अंगात आता पाण्यावर काढाची ताकद राह्यली नाई.

सोमाजी : घ्या. उघडा दार. तुमचा विदेशी पाव आला.

बायनाबाई : भेटला का लांबुळका?

सोमाजी : भेटला. बेकरीवाल्याले म्हटलं, व्हिएतनामच्या सँडविचले पायजे. तो म्हणे, काका, पाव तं राजुऱ्याचाच आहे, पासपोट तुमी काढा.

बायनाबाई : अन् कडक काऊन आहे हा?

सोमाजी : कालचा आहे. कडक नसन तं काय?

नंदिनी : राहू द्या, बाबा. पाण्याचा हात फिरवून तव्यावर शेकला का वरून कुरकुरीत होईन, अंदरून नरम. तसाच लागते तो.

सोमाजी : मी म्हणतो, येवढी झंझट कायले? डब्यात खिचडी टाकून देल्ली असती. मी खदानीत सारी जिंदगी डब्यातली थंडी भाजी खाल्ली, कोणं माह्यासाठी पाव शेकला नाई.

बायनाबाई : तुमी खाल्ली ना पण. ती खात नाई. पाटलीनबाईची खिचडी तशीच परत आली, निशानं वरण-भात नेला, तिनं भात तेवढा खाल्ला. केळं देल्लं तं केळं खाते, काकडी देल्ली तं काकडी. ताटाले हात जोडते, हसते, अन् चिमणीएवढं खाऊन उठते. आली तेव्हा कशी होती, आठवते? विहाराच्या पायऱ्या पोट्टीसारखी चढे. काल कठड्याले धरून चढली.

सोमाजी : मास्तरानं इचारलं ना तिले इंग्रजीत. मी होतो तिथी. ‘फूड गुड?’ तं म्हणे, ‘गुड, गुड.’

नंदिनी : चारचौघात उभं राहून इचारलं तं कोण बॅड म्हणन, बाबा?

सोमाजी : तेही खरं आहे. विहार समितीच्या मुखरूचं मात्र पक्कं झालं. समितीत बोलला काल. इतवारी गाडी करतो अन् तिले नागपूरच्या विहारात सोडून येतो. पावसाळ्याचा वर्षावास तिकडंच पुरा करन. आपल्या वस्तीत व्हिएतनामहून आलेली भिक्खुणी उपाशी बिमार पडली, हे लोकाईनं ऐकलं तं काय इज्जत राहीन, म्हणते.

बायनाबाई : अन् संध्याकाळी मंग विहारात काय राहीन? रिकामी चटई?

नंदिनी : आई, तुमाले त्यांच्या गाण्यातलं एक अक्षर तरी समजते का?

बायनाबाई : नाई समजत. माहा बाप खंजिरीवर बुद्धाची कथा सांगे, तेव्हा मी काखेतली पोट्टी होती, तेव्हाही नव्हतं समजत. पण बोलता बोलता त्याले गाणं लागे ना, ते समजे. तिचंही तसंच आहे. पहिले बोलल्यासारखं म्हणते, तिच्याजवळची लाकडाची पोकळ मासोळी वाजवत टोक-टोक ठोका धरते, अन् मंग कधी सूर लागला ते आपल्याले कळतच नाई. दिवसभर निंदण करून आलेल्या बाया, पाठ टेकाले जागा पाहणाऱ्या, डोळे पुसत बसतेत. काऊन पुसतेत ते त्याईलेही सांगता येत नाई. तू कधी आलीच नाई.

नंदिनी : मी कशी येऊ? त्या गातेत तेव्हा मी ड्युटीवर. तुमी डबा नेता तेव्हा मी झोपेत. त्यांचं तोंडही नाई पाह्यलं मी धड.

बायनाबाई : काल अर्ध्यात थांबली. खोकला नाई, ठसका नाई. दमच पुरला नाई. मासोळीवर नुसता ठोका देत राह्यली. आम्ही सगळ्या खाली पाहत बसलो.

सोमाजी : म्हणून हा पाव.

बायनाबाई : म्हणून हा पाव. शनवारच्या बजारात मी तिले सोबत नेलं होतं. पाववाल्याच्या टोपल्यापाशी उभी राह्यली, हालेच ना. मी एक पाव घेऊन देल्ला तं दोन्ही हातानं धरला, नाकापाशी नेला, अन् म्हणे, ‘बान्ह मी.’ माईले हाक मारावी तशी म्हटली. मंग नंदिनीनं ते नाव मोबाइलवर बोलून पाह्यलं, तं हा भरलेला पाव निघाला.

नंदिनी : अन् ती नंदिनी आता बसल्या जागी पडन. आई, मधात भराचं काय केलं? त्यांच्याकडे टोफू भरतेत, तो इथी कुठी भेटन?

बायनाबाई : सोयाबीन वडी केली ना! भिजवली, पिळली, झकास परतून ठेवली. मिरचीचं नखही नाई लावलं. लसूण मात्र मूठभर ठेचून टाकला. अशक्तपणाले लसणासारखी दुसरी दवा नाई. अंगणातला सांबार तोडून ठेवला आहे, हिरवीगार कोथिंबीर, तो वरून टाकू.

नंदिनी : थांबा.

बायनाबाई : काय झालं?

नंदिनी : हा व्हिडिओ तिकडच्या मठातल्या एका भिक्खुणीचा आहे. मी दोनदा पाह्यला. यात लसूण नाई. कांदाही नाई. मले वाटलं, माह्याच झोपेत निघून गेला असन.

सोमाजी : तिच्या घरचा संपला असन.

नंदिनी : थांबा ना, बाबा. वाचू द्या. ...आई.

बायनाबाई : बोल ना. अशी नोको पाहू, सलाईन लावाले आल्यासारखी.

नंदिनी : त्यांच्याकडे भिक्खु-भिक्खुणी कांदा खात नाईत. लसूण खात नाईत. कांद्याची पातही नाई. ध्यानाले बसणाऱ्या माणसाले चालत नाई म्हणतेत ते. व्रतच असते त्यांचं.

सोमाजी : काहीतरीच. कांदा-लसूण न खाणं हे सोवळ्यावाल्या लोकाईचं. बुद्धाचे लोक आपण. आपले भंतेजी येतेत तं लसणाची चटणी बोटं चाटून खातेत.

नंदिनी : आपले खातेत. त्यांचे नाई खात. देश बदलला का रीत बदलते, बाबा.

बायनाबाई : पाण्याचा गिलास दे.

नंदिनी : आई, बसा पहिले.

बायनाबाई : पहिल्या दिवशी माह्याच घरचं ताट होतं. भरीत केल्तं. तिनं घास तोंडापाशी नेला अन् खाली ठेवला. कडेले सारून देल्लं. मले वाटलं, तिखट झालं. दुसऱ्या दिवशी मी मिरची काढली अन् लसूण वाढवला. मंग सगळ्या बायांले सांगत फिरली, तिले तिखट सोसत नाई, मिरची नोका टाकू, लसूण टाका, ताकद येईन. साऱ्या वस्तीले मीच शिकवलं. अन् ती रोज हात जोडे.

सोमाजी : तिनं सांगाले पायजे होतं ना मंग.

बायनाबाई : कसं सांगन? तोंडानं मागाचं नाई, देल्लेल्या दानाले नाव ठेवाचं नाई. तिचा नेम आहे तो.

सोमाजी : नाई, तसं नसते पण. भंतेजीनं एकदा प्रवचनात सांगतलं होतं. दान देणाऱ्या दायकानं समोर बसून म्हणावं लागते, जे लागन ते मागा. एकदा म्हटलं का मंग मागता येते त्याईले. आपल्याले म्हणावं लागते.

बायनाबाई : तुमाले मालूम होतं?

सोमाजी : मालूम होतं. ध्यानात नव्हतं.

बायनाबाई : वाहवा.

सोमाजी : तुह्याही कानावर पडलं होतं. तू मागं बसून चिवडा वाटत होती.

नंदिनी : भांडण मंग करा. घड्याळ पाहा. ही वडी बाजूला काढा.

बायनाबाई : धुऊन घेऊ का? गरम पाण्यानं धुतली तं...

नंदिनी : नाई, आई. धुतली तरी लसूणच आहे तो. ही वडी बाबा खातीन. भुईमुगाच्या फल्लीचे दाणे आहेत?

बायनाबाई : आहेत भाजलेले.

नंदिनी : मिक्सरमधून काढा, घट्ट. थोडं मीठ, लिंबू, गुळाचा खडा. ते पावाले अंदरून लावू. वरून हे गाजर-मुळा, काकडीचे लांब काप, सांबार. बाबा, तवा ठेवा.

सोमाजी : मी?

नंदिनी : मंग बकऱ्या ठेवतीन का?

सोमाजी : ठेवतो, ठेवतो. धाक तं पाहा पोरीचा.

बायनाबाई : चाकू घासून घे, नंदिनी. मी त्याच चाकूनं लसूण सोलला सकाळी.

नंदिनी : घासला.

बायनाबाई : अन् पाटा?

नंदिनी : नवी ताटली घेतली. आई, तुमी डबा पुसून घ्या. द्या इकडे ते काप.

बायनाबाई : तिच्यासमोर कोणतं तोंड घेऊन जाऊ मी?

नंदिनी : हेच घेऊन जा. दुसरं आणाले वेळ नाई. डबा द्याचा, समोर बसाचं अन् म्हणाचं, ‘प्लीज आस्क.’ म्हणा पाहू.

बायनाबाई : पिलीज आस.

नंदिनी : आस्क. मागा म्हणते ते.

बायनाबाई : पिलीज आस्क.

सोमाजी : झाली आमची बायना लंडनले जाले तयार.

बायनाबाई : तुमी पाव पाहा. जळाचा वास येऊन राह्यला.

(दुपार. नंदिनी समोरच्या खोलीत सतरंजीवर आडवी. सोमाजी दाराशी खुर्ची टाकून बसलेला. बायनाबाई रिकामा डबा घेऊन येते.)

सोमाजी : हळू बोल. आत्ताच डोळा लागला तिचा.

नंदिनी : नाई लागला. बकऱ्या आहेत. काय झालं, आई?

बायनाबाई : पाणी पिऊ दे. ...खाल्ला.

सोमाजी : सारा?

बायनाबाई : पहिले उघडून पाह्यला. वाकून वास घेतला. मंग माह्याकडे पाह्यलं, जशी काही मी आत्ताच पहिल्यांदा तिच्या घरी आली. अन् खाल्ला. कुरकुर आवाज येत होता विहारात. शेवटचा चुरासुद्धा बोटानं टिपून घेतला.

नंदिनी : अन् ते म्हटलं का तुमी?

बायनाबाई : म्हटलं. अर्धा पाव झाला तेव्हा गुडघे टेकून बसली अन् म्हटलं, पिलीज आस्क. ती थांबली. हातातला पाव डब्यात ठेवला. मले वाटलं, मी चुकीचं बोलली का काय. मंग अशी दोन बोटं जवळ आणून म्हणे, ‘चिली?’

सोमाजी : चिली म्हणजे?

नंदिनी : मिरची. अगं बाई! मिरची मागितली त्यांनी?

बायनाबाई : विहाराजवळच्या निशाच्या अंगणातून हिरवी तोडून आणली. दातानं कडकन तोडली तिनं, पावासोबत, आपण भाकरीसोबत खातो तशी. डोळ्यात पाणी आलं तिच्या. मले वाटलं, मिरचीचंच आहे. मंग माहा हात धरला तिनं, तेव्हा कळलं.

सोमाजी : बस. ही खुर्ची घे.

बायनाबाई : बाया जमल्या होत्या दारात. मी सगळ्याईले तिथंच सांगतलं, लसूण मीच टाकाले लावला होता तुमाले. पाटलीनबाई म्हणे, आपण इतके दिवस एका बाईले आपल्या मायेनं उपाशी ठेवलं गं.

सोमाजी : आता ठेवणार नाई ना. झालं मंग. आण फोन, मुखरूले लावतो. इतवारची गाडी नोको म्हणून सांगतो.

बायनाबाई : नोका लावू.

सोमाजी : काऊन? तिनं राहावं म्हणून तं सकाळपासून धावून राह्यली तू.

बायनाबाई : हाव. मले वाटते, राहावं. रोज संध्याकाळी वाटते. पण येवढे दिवस तिच्याबद्दल जे जे ठरवलं, ते मीच ठरवलं. तिले तिखट सोसत नाई, ते मी ठरवलं. लसणानं ताकद येईन, तेही मीच.

सोमाजी : मंग मास्तराले घेऊन जा, तो इचारन.

बायनाबाई : मास्तराच्या तोंडून नोको. त्याईच्यासमोर ती गुडच म्हणन. मी एकटी जाते. ...नंदिनी, झोपली का पोरी?

नंदिनी : नाई. बोला.

बायनाबाई : ‘तुमाले घरी जावंसं वाटते का,’ हे इंग्रजीत कसं म्हणतेत, तेवढं सांग मले. मंग झोप.