कासनावांच्या थडग्यातली जागा

(फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, बेआर्नच्या डोंगरातलं एक गाव. १९८४ सालातली नोव्हेंबरची दुपार. म्हाताऱ्या यूजेनीच्या स्वयंपाकघरात अर्जेंटिनाहून आलेला रामिरो कासनाव बसला आहे. टेबलावर लाकडाची लहान पेटी.)

यूजेनी : पेटी खाली नका ठेवू, असू दे टेबलावर. वडिलांची राख जमिनीवर ठेवतात का कुणी? हं, काय म्हणाले होते ते जाताना?

रामिरो : 'मला आपल्या घरच्या थडग्यात ने.' एवढंच. तिकडेच जन्मले, तिकडेच म्हातारे झाले. हे गाव कधी डोळ्यांनी पाहिलं नाही. पण आपण कासनाव, आपलं घर डोंगरात आहे, हे रोज जेवताना ऐकवायचे.

यूजेनी : याच बोलीत?

रामिरो : याच. आजोबांची बोली ना ही. घरात दुसरी चालायची नाही.

यूजेनी : तुम्ही दारात तोंड उघडलंत तेव्हाच ओळखलं मी. हा आमच्या गावचा हेल नाही. खिंडीपलीकडचे मेंढपाळ असं ओढून बोलतात.

रामिरो : पण आजोबा तर याच घरातले. बेर्ना कासनाव. मी सगळं शोधून आलोय.

यूजेनी : बेर्ना या घरातले खरे. पण या घरचे नव्हेत. घरजावई होते ते.

रामिरो : मग कासनाव हे नाव कुठून आलं?

यूजेनी : भिंतींकडून. तुमच्या तिकडे नाव बापाकडून येत असेल. आमच्याकडे नाव घराचं, माणसाचं नव्हे. कासनाव म्हणजे नवं घर. कधीतरी जुनं जळलं, त्याच जागी हे बांधलं, आणि आत राहणारे ते कासनाव झाले. थोरलं मूल घर सांभाळतं, मग मुलगा असो की मुलगी. माझी आजी मादलेन थोरली होती. बेर्ना लग्न करून तिच्या घरी आले. कागदावर ते लाबोर्द, पण दुसऱ्या दिवसापासून गाव त्यांना कासनाव म्हणायला लागलं.

रामिरो : आणि बोटीवर हेच नाव कसं लिहिलं गेलं?

यूजेनी : नाव विचारलं असेल. माणूस तेच सांगतो, ज्या नावाने त्याला हाक मारतात.

रामिरो : म्हणजे आमच्या दुकानावरची पाटी, माझी मुलं, नातवंडं… सगळं उसनं.

यूजेनी : उसनं परत तरी करतात हो.

रामिरो : ते गेले कशासाठी, ते तरी सांगा.

यूजेनी : छपरासाठी. एका वादळात छपराच्या अर्ध्या दगडी पाट्या उडाल्या. अर्जेंटिनात दोन वर्षं राबतो, पैसे आणतो, म्हणाले. माझी आई तेव्हा रांगत होती. मग कोण परत येतंय? शेवटी आजीने नदीकाठचं कुरण विकलं आणि छप्पर केलं. गावातला एकजण तिकडून परतला, त्याने सांगितलं, कासनावचा तिकडे दुधाचा धंदा आहे, बायको आहे, मुलगा झालाय. आजीने त्याला वाईन दिली, वर चीजही बांधून दिलं. दुसऱ्या दिवसापासून काळे कपडे घातले. जिवंत नवऱ्याची विधवा. मरेपर्यंत ते कपडे उतरले नाहीत.

रामिरो : तो मुलगा म्हणजे माझे वडील.

यूजेनी : हो. आणि आज तुम्ही त्याला घेऊन आलात, आजीच्या कुशीत ठेवायला. नाही, ते व्हायचं नाही. खिंडीपलीकडे लाबोर्दचं घर आहे, म्हणजे पडकं आहे. तिकडे न्या.

रामिरो : माझ्या वडिलांनी लाबोर्द हे नाव कधी ऐकलंसुद्धा नव्हतं, बाई. त्या पडक्या घरात त्यांना ओळखणार कोण?

यूजेनी : इथे तरी कोण ओळखतंय?

रामिरो : तुमच्यामागे या थडग्यात कोण येणार?

यूजेनी : बोर्दोचा दातांचा डॉक्टर.

रामिरो : चेष्टा करता का?

यूजेनी : चेष्टा कशाला करू? मला मूलबाळ नाही, नवरा गेला. घर त्याला विकलंय. मी जिवंत आहे तोवर दर महिन्याला पैसे देतो, डोळे मिटले की घर त्याचं. फोन करून तब्येत विचारतो. मी बरी आहे म्हटलं की गप्पच होतो बिचारा. आणि थडगं घराबरोबर जातं, ही इथली रीत.

रामिरो : म्हणजे उद्या तो कासनाव?

यूजेनी : गाव म्हणेल. गावात कुणी उरलं तर.

रामिरो : वा. सुट्टीला येणारा परका चालतो. आणि जो माणूस आयुष्यभर या घराचं नाव घेत मेला, तो चालत नाही.

यूजेनी : बेर्ना कधी माझ्या आजीचं नाव काढायचे?

रामिरो : खोटं कशाला बोलू? कधीच नाही. आम्हाला ठाऊकच नव्हतं. पण वारा सुटला की अंगणात येऊन छपराकडे बघत उभे राहायचे. आमचं छप्पर पत्र्याचं, चांगलं ठोकलेलं. माझी आजी हाका मारून थकायची, ते आत यायचे नाहीत.

यूजेनी : बघत उभे राहायचे म्हणे. इकडे आजी शिडीवर चढत होती.

रामिरो : आजोबांसाठी मी काहीच मागत नाही. त्यांना तिकडेच पुरलंय. पण माझ्या वडिलांनी काय केलं होतं? ते फक्त जन्मले.

यूजेनी : त्यांना बहीण आहे, हे माहीत होतं त्यांना?

रामिरो : नाही. एकटाच होतो म्हणायचे. भावंडं हवी होती त्यांना.

यूजेनी : माझी आईही एकटीच वाढली. तिलाही भाऊ हवा होता. एकाच बापाची दोन लेकरं, आणि दोघंही एकटी. बेर्नाने हे बरं केलं नाही.

रामिरो : नाही केलं.

यूजेनी : म्हणजे हे माझे मामा झाले की. सख्खे नसतील, पण मामाच.

रामिरो : हो, ताई.

यूजेनी : थडग्यावरचा दगड उचलायचा मान आमच्याकडे पहिल्या, म्हणजे लगतच्या घरच्या शेजाऱ्याचा असतो. पण लास्सालांच्या घराला कुलूप आहे, पोरं पॅरिसला. तुलाच उचलावा लागेल. झेपेल ना रे? पहार गोठ्यात आहे.

रामिरो : झेपेल. दगडावर त्यांचं नाव कोरून घेऊ का?

यूजेनी : त्यावर माणसांची नावं नसतात, घराचं एकच असतं. आजीचं नाही, आईचं नाही, माझंही नसेल. आणि हे बघ, आजीच्या शेजारी नको हं. तिला नाही सोसायचं.

रामिरो : मग कुठे?

यूजेनी : डाव्या अंगाला ठेव, माझ्या जागेला लागून. तिकडे माझ्या शेजारी कुणी यायचं नाहीये.