फियाटसाठी पुठ्ठ्याचं नाक

काळूराम : तसं न्हाय, भाविका. आधी डोळे मिट. समज, तूच आपल्या फियाटचं इंजिन हायस. पाठीवर चार माणसं, समोर पुलाचा चढ. आता तुला काय पाहिजे?

भाविका : पाणी!

काळूराम : दिलं. पेट्रोल पण दिलं. अजून?

भाविका : मग हवा. धापा लागल्यावर हवाच लागते, आजा.

मितेश : बाबा, नातीची शाळा नंतर घ्या. जुनी गाडी घेऊन नवी देणारा एक्स्चेंजवाला संध्याकाळी येतोय. ठरलंय ना आपलं? सगळ्यांना घेऊन तिसऱ्या गिअरमध्ये पूल चढली, तर फियाट राहील. नाही चढली, तर नवी मोठी गाडी.

भाविका : आणि नव्या गाडीला तू आजाला हात लावू देणार नाहीस, मितेशकाका. मग मला शाळेत कोण सोडणार?

मितेश : रिक्षा आहे की.

काळूराम : रिक्षावाला तिला बॉनेट उघडून दाखवंल काय?

मितेश : मी या फियाटसाठी काय कमी केलं? हवेचा तो जुना गोल डबा काढून टाकला, मुंबईहून रेसिंगचा फिल्टर आणून बसवला. सुरुवातीला काय आवाज होता! अख्खं शेलार गाव बाहेर यायचं बघायला.

काळूराम : यायचं खरं. आणि बाहेर येईपर्यंत गाडी गल्लीतच असायची.

मितेश : वय झालंय तिचं. फिल्टर काय करणार?

काळूराम : भाविका, वाकून बघ. कसा दिसतो काकाचा फिल्टर?

भाविका : पांढरा. मऊ. आजा, ही तर उशी आहे!

मितेश : पांढरा? मी लाल आणला होता.

काळूराम : गाडी कुठं लावतोस रे?

मितेश : कामतघरला, आपल्या लूमच्या कारखान्यामागे. मोठ्या पंख्याखाली सावली असते.

काळूराम : आणि तो पंखा बाहेर काय फेकतो?

मितेश : हवा... आणि रुई. पण बाबा, रुई भिवंडीत कुठे नाही? डब्यातल्या भातावर पण असते. तिच्याकडे कोण बघतं?

भाविका : काका, तुझ्या भुवईवर पण आहे.

मितेश : बरं बरं. जुना डबा परत बसवतो, झालं?

भाविका : त्यात कोंबडी बसलीय.

मितेश : काय?

भाविका : तू फेकलास, आक्कानं उचलला. पेंढा घातला, अंडी ठेवली, वर खुडूक कोंबडी. पिल्लं निघेपर्यंत हात लावायचा नाही, म्हणाली.

मितेश : अरे, गाडीचा पार्ट आहे तो! मी बोलतो आक्काशी.

काळूराम : बोल. माझी थोरली बहीण हाय ती. मला उभ्या जन्मात जमलं न्हाय, तुला जमलं तर बघ.

मितेश : ...राहू दे. मग करायचं काय?

काळूराम : आधी ती उशी झटक. भाविका, तू इथं हात धर, फिल्टरपाशी. कसं वाटतं?

भाविका : गरम.

काळूराम : आणि पुढं, जाळीपाशी?

भाविका : गार.

काळूराम : गरम हवा पातळ असते, गार हवा दाट. एका घोटात जास्त मिळते. तू इंजिन हायस. कुठली घेशील?

भाविका : पुढची! पण फिल्टर इथे मागे आहे... मग नळी पाहिजे. आजा, कापडाच्या ताग्यात पुठ्ठ्याची नळी असते ना? काकाच्या डिकीत पडल्यात.

काळूराम : आण.

भाविका : आणि फिल्टरभोवती पण पुठ्ठा गुंडाळू, म्हणजे गरम हवा शिरणार नाही. पुढच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा. रुई बाहेरच!

मितेश : रेसिंगच्या फिल्टरला पुठ्ठा आणि मच्छरदाणी! पोरं हसतील मला.

काळूराम : बॉनेट लावल्यावर कुणाला दिसतंय? सुतळी दे इकडं.

(दुपारनंतर. फियाट पुलाच्या चढावर. मितेश चालवतोय, शेजारी काळूराम. मागे भाविका, आणि बसल्या बसल्या डुलकी लागलेली आक्का.)

भाविका : तिसराच आहे ना, काका?

मितेश : तिसराच आहे गं. चढतेय बहुतेक.

काळूराम : बहुतेक कशाला? हा काय, माथा आला.

मितेश : चढली, मान्य. पण बाबा, मजा नाही. पुठ्ठ्यानं आवाजच गिळला. कशी गरजायची! आता वाटतं कुणीतरी मागून ढकलतंय.

काळूराम : ठरलं काय व्हतं? चढायचं का गरजायचं?

मितेश : चढायचंच. पण दोस्तांसमोर अशी गुपचूप गाडी न्यायची? दम आहे हे कळणार कसं? त्या एक्स्चेंजवाल्याला येऊ दे, नुसतं बोलू त्याच्याशी.

भाविका : आवाज असता तर ठेवली असतीस?

मितेश : आवाज असता तर त्याला बोलावलंच नसतं, बाई.

भाविका : आजा, तुझी काच खाली कर. माझी केलीय.

काळूराम : कशाला गं?

भाविका : घ्रूंऊंऊं... घ्रूंऊंऊंऊं!

मितेश : ए, गप! लोक बघतायत!

भाविका : घ्रूंऊंऊंऊंऊं!

मितेश : अगं तो टेम्पोवाला बाजूला झाला... खरंच बाजूला झाला, बाबा!

काळूराम : मग? फोन करतोस का त्या माणसाला?

मितेश : करतो. पुढच्या महिन्यात बघू म्हणतो.

काळूराम : भाविका, रोज शाळेपर्यंत करावं लागंल बरं का. जमंल तुला?

भाविका : काका, चौथा टाक ना. मला आवाज बदलायचाय.