गडग्यावरून दिलेली आरोळी

मॉर्टबरी पोलीस ठाणे, सोमवार, दि. २० जानेवारी २०१४, सकाळी १०.४०

नाव: क्लेमेंट बेडोज. वय: ७६ वर्षे. धंदा: निवृत्त, पूर्वी ऑल्डरडीन शिकार मंडळात हंट्समन. राहणार: ब्रुक कॉटेज, हिथरकोट, श्रॉपशर.

मी आज कोणी न बोलावता ठाण्यात आलो असून सार्जंट मेरेडिथ यांच्यासमोर बसून सांगतो की, मी वरील पत्त्यावर एकटा राहतो. पत्नी वारली आहे. मुलगी एक, नेस्टा, वय ३९. मंडळाची शिकारी कुत्री पाळणे, शिकवणे आणि शिकारीच्या दिवशी घोड्यावरून ती चालवणे हे हंट्समनचे काम. ते मी १९६४ पासून २००३ पर्यंत केले. त्यानंतर ते नेस्टाकडे आले. ती मंडळाच्या कुत्र्यांच्या आवारातल्या घरात राहते. घर नोकरीबरोबरचे आहे, नोकरी गेली की जाते.

२००५ पासून कोल्ह्यामागे कुत्री घालायला कायद्याने बंदी आहे. आता मंडळाचा एक माणूस कोल्ह्याच्या मुताचा वास लावलेले फडके दोरीने ओढत पुढे जातो आणि कुत्री त्या वासावर धावतात. बंदीच्या आधीच मी निवृत्त झालो, त्यामुळे फडक्यामागे मी कधी धावलो नाही. कायदा चांगला की वाईट हे मला कोणी विचारलेले नाही आणि मला सांगायचेही नाही.

शनिवार, दि. ११ जानेवारी रोजी रात्रभर दव गोठून सगळे पांढरे झाले होते. कोंबड्यांच्या पाण्यावरचा बर्फ मी दोनदा फोडला. जमीन एवढी कडक होती की घोड्यांचे पाय सांभाळायला मंडळाने निघायची अकराची वेळ बारावर ढकलल्याचे मागाहून कळले. दुपारी पाऊणच्या सुमारास मी खुराड्याजवळ असताना कुत्री ओढ्याकडून वर आली आणि माझ्या घरासमोरच्या नांगरटीत थबकली. गोठलेल्या जमिनीवर वास धरत नाही. फडक्याचा माग तिथे सुटला होता. सतरा जोड्या कुत्री खाली नाके घालून गोल फिरत होती. नेस्टा करड्या घोडीवर मधे उभी होती. तिच्यामागे फाटकापाशी वीस-बावीस घोडेस्वार. मी माझ्या बागेच्या दगडी गडग्याच्या अलीकडे होतो, अंतर दीडशे यार्ड. थंडीत आवाज लांब जातो, मला सगळे ऐकू येत होते.

मंडळाच्या अध्यक्ष मिसेस थ्रिंग म्हणाल्या, "काय ग नेस्टा, कुत्री चरायला सोडलीयेस का?" सगळे हसले. नेस्टा म्हणाली, "दोन मिनिटं द्या, बाई. ती शोधतील." त्यावर मागून एक पुरुष म्हणाला, "दोन मिनिटांत आमचे पाय गळून पडतील." मिसेस थ्रिंग म्हणाल्या, "तुझ्या बाबांच्या वेळी बाई आम्हाला कधी असं तिष्ठत उभं राहावं लागलं नाही." नेस्टाने शिंग तोंडाला लावले आणि पुन्हा खाली घेतले. त्या पुरुषाचे नाव मला माहीत आहे, पण त्याची इथे गरज नाही. मला राग आला होता. माझा राग जबाबात लिहायची गरज आहे का, असे मी विचारले. सार्जंट म्हणाले, सांगाल ते लिहितो. मग लिहा.

त्याच वेळी खुराड्यामागून कोल्हा निघाला. नर होता, मोठा, शेपटीला पांढरे टोक. कोबीच्या वाफ्यातून गडग्याखालच्या भोकातून गल्लीत आला, गल्ली ओलांडून कुरणात शिरला. घाईत नव्हता. नेस्टाच्या बाजूने तो दिसण्यासारखा नव्हता, मधे कुंपण होते.

मी गडग्यावर चढलो, टोपी काढून कोल्हा गेला त्या दिशेला हात लांब करून धरली आणि कोल्हा दिसल्याची आरोळी दिली. शिकारविरोधी मंडळींनी त्या दिवशी घेतलेल्या ज्या चित्रफितीवरून पोलीस नेस्टाची चौकशी करत आहेत, तीत जी आरोळी ऐकू येते ती माझी. ती नेस्टाच्या मदतनिसाची आहे आणि सगळे आधी ठरले होते, असे पोलिसांचे म्हणणे असल्याचे मला गावात कळले. काही ठरले नव्हते. नोव्हेंबरपासून मी आणि नेस्टा नीट बोललेलो नाही. मी दर रविवारी जेवताना तिच्या चुका काढतो असे तिचे म्हणणे आहे. ते खरे आहे.

आरोळी का दिली, असे विचारले असता सांगतो की, मी ठरवून दिली नाही. कोल्हा दिसला की टोपी निघते आणि तोंड उघडते. देऊन झाल्यावर कायदा आठवला. तेव्हा मी गडग्यावरच होतो आणि हात तसाच लांब होता. खाली घ्यायला हवा होता. घेतला नाही.

नेस्टाने वर पाहिले. मग शिंग फुंकून कुत्री उचलली, म्हणजे मागावरून काढून गोळा केली, आणि भरधाव माझ्याकडे आणली. ती माझ्याशेजारून कुरणाच्या फाटकातून गेली. जाताना काही बोलली का, असे विचारले असता सांगतो की, थंडीने कान बधिर झाले होते, ऐकू आले नाही. हसली मात्र. पुष्कळ महिन्यांनी माझ्याकडे बघून हसली. कुत्र्यांनी कुरणात वास धरला आणि सगळी एकदम गायला लागली. तो आवाज ऐकून मला रडू आले. नऊ-दहा मिनिटांनी हिथरकोटच्या वरच्या अंगाला मिस्टर व मिसेस फेन यांच्या हिरवळीवर कोल्हा मेला. ते मी पाहिलेले नाही. मिसेस फेन दुपारच्या जेवणाला बसल्या होत्या. त्यांना त्रास झाला, त्याबद्दल मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली आहे. त्यांनी दार उघडले नाही, टपालाच्या फटीतून ऐकून घेतले.

आरोळी कोणाची, हे नेस्टाने पोलिसांना सांगितलेले नाही. मला म्हणाली, "बाबा, तुम्ही मधे पडू नका. तुम्ही तोंड उघडलंत की माझंच वाटोळं होतं. एकदा उघडलंत तेवढं पुरे झालं." मी म्हणालो, "अग, पण आरोळी माझी होती." ती म्हणाली, "सगळ्या श्रॉपशरला कळलंय ते. फक्त पोलिसांना कळायचं राहिलंय. राहू दे." म्हणून आज तिला न सांगता बसने आलो. तिच्यावर खटला झाला तर नोकरी आणि घर जाईल आणि मंडळ कुत्री मोडीत काढेल. ही कुत्री कोणाच्या घरात राहत नाहीत, त्यांना गोळीच घालावी लागते. तिने यातली निम्मी स्वतःच्या हाताने बाटलीने वाढवली आहेत. चूक माझी आहे. जी शिक्षा असेल ती मला द्यावी.

कोणीही ओरडले तर हंट्समन कुत्री उचलून तिकडे नेतो का, असे विचारले असता सांगतो की, नाही. नेली तर तो हंट्समन कसला! लोक सशाला ओरडतात, तपकिरी कुत्र्याला ओरडतात, वाऱ्याने हललेल्या पाल्याला ओरडतात. आरोळी कोणाची ते बघायचे असते. एकोणचाळीस हंगामांत मी एकही आरोळी खोटी दिलेली नाही. कोल्हा नाकापासून शेपटीपर्यंत दिसल्याशिवाय माझे तोंड उघडत नाही. हे नेस्टाला लहानपणापासून माहीत आहे. नेस्टाचे सोडा, घोड्यांना माहीत आहे. माझी आरोळी ऐकली की समोर कोल्हा आहे, यात कोणाला शंका यायचे कारण नाही. सार्जंट मेरेडिथ लिहायचे थांबले आणि म्हणाले, "क्लेम, हे असंच लिहू? नीट विचार करून सांगा." मी म्हणालो, "लिहा की. खोटं थोडंच आहे!"

येथपर्यंतचा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. समोर खरा कोल्हा आहे हे नेस्टाला माहीत होते असा याचा अर्थ होतो का, असे मी विचारले; होतो, आणि खटला त्यावरच उभा राहतो, असे सार्जंट म्हणाले. सार्जंटनी चहा मागवला. तो मी घेतला नाही. आरोळीबद्दलचा शेवटचा मजकूर खोडावा, अशी मी विनंती केली. लिहिलेले खोडता येत नाही, पुढे भर घालता येते, असे सार्जंटनी सांगितले. मी म्हणालो, "मग घाला भर. मी दमलोय, एकदाच सांगतो."

भर घालून सांगतो की, मी म्हातारा झालो आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, उजवाही अधू आहे. गेली दोन-तीन वर्षे मी कशालाही ओरडतो. पोस्टाच्या लाल गाडीला ओरडलो आहे. मागच्या हंगामात शेजारच्या तांबड्या मांजरावर अख्खे मंडळ धाडले होते. सगळे हसतात. माझ्या आरोळीला आता कोणी विचारत नाही, नेस्टा तर मुळीच नाही. त्या दिवशी मला काहीतरी तांबडे दिसले. तो कोल्हा निघाला हा योगायोग. नेस्टाला वाटले, म्हातारा नेहमीसारखा बरळतोय. चारचौघांत बापाचे हसे होऊ नये म्हणून ती कुत्री घेऊन आली. कोण कोण हसतात त्यांची नावे विचारली असता सांगतो की, आठवत नाहीत, सगळेच हसतात. हे मिसेस थ्रिंग यांच्यासमोर मंडळाच्या सभेत उभे राहून सांगायला लागले तरी मी सांगेन. सार्जंटनी विचारले, "क्लेम, खरं कुठलं धरू? आधीचं की आत्ताचं?" मी म्हणालो, "आत्ताचं."

जबाब मला दुसऱ्यांदा वाचून दाखवला. ऐकू आला, समजला. त्यातली शेवटी घातलेली भर तेवढी माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, तिच्याखाली सही करतो.

(सही) सी. बेडोज

समक्ष: सार्जंट ओ. मेरेडिथ