दाढ दुखते, छाती नाई!

दाढ दुखते, दाढ! छाती नाई!... आता धुरपताबाईनं किती डाव सांगाव, तुमीच सांगा! बाई आ करून खुर्चीवर बसली, अन् डाक्टर पाह्यते कुठी? तोंडात? नाई बाप्पा, कागदात!

झालं असं, का गेल्या साली नागपुरात तिच्या छातीचं ऑपरेशन झालं, नवा व्हॉल्व टाकला, अन् ठोका चुकू नये म्हून कातडीखाली पेसमेकरची डबी बसवली. तिथच्या मोठ्या डाक्टरनं बजावलं होतं, "बाई, दात किडला तर लगेच काढा, ती घाण रक्तातून व्हॉल्ववर जाऊन बसते." अन् किडली ना दाढ, ऐन धानाच्या रोवन्यात! गाल असा फुगला जसा भजा! नवऱ्याले, लटारूले, घेऊन बाई आलापल्लीहून निघाली अहेरीले.

दाताचा डाक्टर म्हने, "आधी ईसीजी." काढला. तर तुमाले सांगतो, ठोक्याठोक्याले उभी रेघ, जसे कुंपनाचे खांब! अन् मशीननं वरून छापलं... हार्ट अटॅक!

"बाई, हलू नका!"

"अवो, मी पायानं चालत आली!"

"बोलू नका!"

"मंग दाढ कशी दाखवू? दाढ दुखते, दाढ! छाती नाई!"

आयकते कोन? अॅम्बुलन्समदी टाकून थेट चंद्रपूर! तिथी दुसरा ईसीजी, तेच खांब, तीच धावपळ, छातीभर वायरी... अन् इकडे लटारू गळा काढून राह्यला, "चालली वो माही धुरपता!"

धुरपता उठून बसली. "कुठी चालली? दाढ काढल्याबिगर मी कुठीच जात नाई! लावा नागपूरले फोन!" तिथच्या डाक्टरीनबाईनं लावला. नागपूरवाले म्हनते, "अहो, ते खांब म्हणजे पेसमेकर काम करतोय! तिचा ईसीजी असाच येणार, ते मशीनला कळत नाही. दाढ काढा लवकर, आधी औषध द्या, नाहीतर खरंच जीवावर बेतेल."

मंग काय! चंद्रपूरच्याच दातवाल्या डाक्टरीनबाईनं औषध देल्लं, सुई टोचली, अन् निघाली दाढ, मुळासकट! लटारूनं डोये पुसले, धुरपता खुर्चीतून उतरली जशी कुस्ती मारून.

तेवढ्यात दातवाली बाई म्हनते, "मावशी, बाजूचीबी किडली हाये. पुढच्या महिन्यात या... अन् येतानी नवा ईसीजी काढून आना बरं."

धुरपताबाईले लय काई म्हनाचं होतं. पन तोंडात कापूस कोंबला होता ना...

म्हने, "हूं."