कोंबडी गुहेच्या तोंडाशी

हॅलो?… हॅलो… कोण, अवनी?… थांब, टीव्ही बारीक करतो… हां, बोल बाळ.

जेवलो की. आमटी-भात… भाकरी शेजारच्या धोंडुबाईनं दिली… अगं व्हय, नीट खातोय. तू कामाचं बोल.

शनिवारी? आईच्या चित्रांचं प्रदर्शन, दसरा चौकातल्या हॉलात?… आन् फायली आज सहापर्यंत द्यायच्या? मग माझ्याशी काय बोलत बसलीस!

सगळी चित्रं लावणार? कॅलेंडरच्या पाठीवरची बी?… ती पेन्सिलीची म्हैस बी?… मी नुसतं म्हटलंतं, शिंगं लहान झाल्यात. तुझी आई चार दिवस बोलली न्हाय माझ्याशी.

व्हय, मग तू टॅब दिलास. पयल्या दिवशी त्याला हळदीकुंकू वाहिलंतं तिनं. काच पुसत मी बसलोतो.

आन् त्यातनंच ते रांगोळीचं खूळ. ही दारात कोंबडी काढणार, मी स्टुलावर चढून टॅबनं वरनं फोटो घेणार. मग ही कोंबडीचा एक पाय पुसणार, जरा पुढं काढणार, परत मी फोटो. दारापासनं तुळशीपर्यंत कोंबडी चालवायला एकशे अठरा फोटो! ते भराभर पळवलं की कोंबडी चालायची, आन् ही टॅबातच आवाज भरून तिची गोष्ट सांगायची. दूधवाला आपला बाहेर ताटकळत… हसतीस काय? माझं गुडघं गेलं त्यात.

काय?… कोपऱ्यातलं काय काढून टाकू?… माझ्या पायाचा अंगठा?

अगं, अगं, ऐक की… अंगठा काढू नको… न्हाय दिसत घाण! ती गुहा हाय… गुहा, गुहा! सिलिंडर पडून माझं नख काळं झालंतं न्हवं? स्टुलाच्या कडेला अंगठा यायचाच फोटोत. मी म्हणायचो, पाय मागं घेतो. तर ही म्हणायची, हलू नका, डोंगर हलंल. अंगठा म्हणजे डोंगर, नख म्हणजे गुहा. तिच्या समद्या गोष्टी तिकडंच जायच्या… तुला कधी बोलली न्हाय? मला वाटलं, तुला ठाव असंल.

हां… शेवटची गोष्ट तेवढी अर्धी हाय. "कोंबडी गुहेच्या तोंडाशी आली, आन्…" इथं थांबली ती. माझ्याकडं बघून म्हणली, पुढं काय हो?… म्हटलं, मला काय ठाव, तू आधी चहा टाक… हसली. उठली.

दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यातच नेलं न्हवं आपण.

हां, बोल पुढं.

कोण बोलणार? कॉम्प्युटर?… तिच्या आवाजात?… तिच्या जुन्या गोष्टी ऐकून शिकलाय?… म्हणजे शेवट तू लिहिलास, आन् तो तिच्यागत बोलणार… बरं, लाव. ऐकतो.

…

…

बंद कर.

न्हाय, चिडलो न्हाय… आवाज तिचाच हाय. पण हिला दम लागत न्हाय गं. तुझी आई दोन वाक्यं झाली की थांबायची, श्वास घ्यायची. मधेच कुकरची शिट्टी झाली तर बोटांवर मोजायची, आन् मग पुढं. ही बाई कोण हाय, मला न्हाय ठाव.

अगं रडू नको… तुझी काय चूक? तुला ऐकायचा हुता तिचा आवाज, मला कळतंय की… मला बी हुता.

मग शेवट काय म्हणजे?… हाय माझ्याकडं. ती गेल्यापासनं आठ महिने दुसरं काय हाय डोक्यात!… सांगू? हसायचं न्हाय… कोंबडी गुहेच्या तोंडाशी आली. आत अंधार. भ्याली ती. मग आतनं कुणीतरी म्हणलं, ये की आत. चहा टाकलाय.

झालं… एवढंच.

त्येचं चित्र न्हाय म्हणतीस? मी काढतो. रांगोळीचा डबा तुळशीमागंच हाय… बदकागत दिसंल म्हण की. दिसू दे… अगं एकशे अठरा कशाला? दहा पुरं. गुहेपाशी तर आलीच हाय ती. आन् गुहा माझ्या पायालाच हाय, नख अजून काळंच हाय.

स्टुलावर चढायला नको तर मग काय झाडावर चढू?… बरं, बरं, धोंडुबाईला बोलावतो स्टूल धरायला. शिव्या घालंल ती, पण धरंल.

व्हय, आवाज बी मीच भरतो. फोनवर बोलतो आन् धाडतो तुला. पण एक ऐक… चढउतार करून मधे मला दम लागंल. तो काढून टाकू नको. ऱ्हाऊ दे तसाच.

हां. ठेव आता, दारातलं ऊन जायच्या आत काढतो… ठेवतो.