चुऱ्याचे पेरू

उंब्रजच्या रेशन दुकानासमोर साखरेची रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती. साळूबाईच्या पुढं हंबीरराव उभा. पलटणीत साहेबांचा स्वयंपाकी होता, लढाई संपल्यावर नुकताच घरी आलेला. त्याच्याशेजारी दोस्त नाथाजी. साळूबाईनं मान दुसरीकडं वळवली, पण कान काही वळेनात.

"तुला बघाय पाव्हणं आलं, आन् तू त्यास्नी साहेबाचं खाणं घातलंस?"

"पेरू कापून भांड्यात मांडलं गड्या. कणीक, लोणी आन् साखर बोटांनी चोळून चुरा केला, त्यो वर पसरला."

"पाणी घालून मळलं न्हाईस?"

"चुराच ऱ्हायला पायजे! साहेब लोक त्या चुऱ्यासाठी जीव टाकायचं. मग झाकण ठिवलं, झाकणावर निखारं. लय खरपूस झाला."

"आवडलं?"

"पोरीचा बा ताटात बघतच बसला. म्हणाला, झाकणावरची राख पडली जणू."

"आरं देवा!"

"समद्यांनी झटकून, फुंकून पेरू खाल्लं. साखरपुड्याला ठिवलेली समदी साखर त्या चुऱ्यात हुती, नाथा. सोप्यात उडाली."

"तू गप बसलास?"

"व्हणाऱ्या सासऱ्याला म्हणू, तुमी साखर फुंकताय?"

"मग सोयरीक मोडली?"

"छ्या! पेरू लय आवडलं त्यास्नी. साखरपुड्यालाबी हेच कर म्हणालं."

"मग रडतोस कशाला?"

"राख पडू नये म्हून घट्ट बसणारं झाकण त्येच घिऊन येणार हायत."